दोनच दिवस ख्रिस्ती नसलात तर...

गेल्या महिन्यात बँकेत फोन आला, रूथमावशी गेल्या. सकाळची प्रार्थना आटोपून चहा ठेवायला उठल्या, खुर्चीवर जरा टेकल्या, त्या टेकल्याच... मी तसाच बाहेर धावलो, सायकलवर टांग मारली आणि छावणीतल्या त्यांच्या घराच्या अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, ही सायकल आपली नव्हे, हेडक्लार्कसाहेबांची! रडू फुटत होतं आणि हसूही. हे ऐकून मावशींनी तोंडाला पदर लावून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं असतं. माझ्या फजित्यांच्या त्या हक्काच्या श्रोत्या.

ओळखही फजितीतूनच झाली. बनारसला बदली होऊन मला आठवडाच झाला होता. शिक्का उमटेना म्हणून मी काउंटरवर अस्सल मराठीत शिवी हासडली. समोरच्या पांढऱ्या साडीतल्या बाई म्हणाल्या, "शिवी नगरकडची दिसते! रविवारी जेवायला ये." त्या नगरच्या मिशनमध्ये वाढलेल्या, रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. यजमान रेल्वेतच होते, वारले, मुलगा नागपुरात. तीस वर्षं बनारसमध्ये काढल्यामुळे मराठीत हिंदीची फोडणी. रविवारी चर्चहून येताना वाटेत जो भेटेल त्याला त्या जेवायला घेऊन येत. एकदा रिक्षावाल्यालाच घेऊन आल्या. "पाहुण्याच्या रूपानं येशूच दारात येतो, असं आम्ही मानतो," त्या सांगायच्या. मी लगेच ताट पुढं केलं, "मग येशूला आणखी दोन पुऱ्या वाढा!" माझ्या पाठीत एक धपका बसला, पण वाढल्या तीन.

आणि मग माझ्या आयुष्यातला सर्वांत थोर गाढवपणा. आई काशीयात्रेला यायची होती. मी संकठा घाटाजवळ एका भटजींच्या घरात भाड्यानं राहत होतो. आईचं पत्र खिशात घालून मी दोन आठवडे हिंडलो आणि घरमालकांना विचारायचंच विसरलो. विचारलं तेव्हा त्यांच्याकडे मुंज निघालेली. माझ्याच खोलीत त्यांचे चार व्याही घोरत होते. आई कडक सोवळ्यातली, गुडघे सुजलेले, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. मी मावशींकडे धावलो.

"आण की! विचारायचं काय त्यात?"

"तसं नाही... दोनच दिवस तुम्ही ख्रिस्ती नसलात तर चालेल का?"

त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. "आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी ती गाडीत बसेल."

"मधू, माझी रसोई घे, पलंग घे. पण खोटं बोलून तिला घरात घेतलं, तर ती पाहुणी कसली? फसवून आणलेली बाई ती. मी दारातच सांगणार. परत जाते म्हणाली, तर रिक्षा थांबवून ठेव."

एवढं ऐकूनही मी शहाणा झालो नाही. स्टेशनावरून येताना आईला सांगून मोकळा झालो, "आपल्या नगरच्या कुलकर्णीबाई आहेत." रिक्षा थांबली. मावशी दारात हात जोडून उभ्या होत्या. "या ताई. मी रूथ, मी ख्रिस्ती आहे. घर तुमचंच समजा."

आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. "कुलकर्णी का रे?"

मला वाटलं, संपलं! आता आई परत फिरणार, मावशी तोंड बघणार नाहीत. एकाच सकाळी दोन्ही घरं बंद. मावशी शांतपणे म्हणाल्या, "रसोईत नवा स्टोव्ह आहे, नवी पातेली आहेत. गंगेचं पाणी नावाड्यानं पंचगंगा घाटावरून आणून भरलंय, मी हात लावलेला नाही. तुम्ही आहात तोवर मी आत पाऊल टाकणार नाही. मीठ कुठंय तेवढं बाहेरून सांगेन."

आईनं चपला दारातच काढल्या. मग म्हणाली, "पाय धुवायला पाणी द्या."

आंघोळ करून तिनं भात टाकला. मावशी दाराबाहेर स्टुलावर बसून "डावीकडच्या फळीवर बघा, ताई" असं सांगत होत्या. हळद सापडली, हिंग सापडला. अचानक आईनं पळी खाली ठेवली. "बाई, स्वतःच्या घरात तू अशी बाहेर बसणार, आणि मी आत बसून जेवू? मला घास उतरेल का? ये आत."

"तुमचं सोवळं?"

"ते माझं आणि देवाचं, आम्ही बघून घेऊ. तू पापड भाज."

दोन दिवसांसाठी आलेली आई अकरा दिवस राहिली! विश्वनाथाचं दर्शन एकदा, मावशींशी गप्पा अकरा दिवस, आणि विषय बहुतेक माझी अक्कल.

फोन आला त्या दिवशी मावशींचं शेवटचं दर्शन घेऊन मी खोलीवर आलो. गेलं वर्षभर आई माझ्याकडेच राहते. सांगितलं. ती उठली आणि भर थंडीत डोक्यावरून गार पाणी घेतलं. मी, अर्थातच, विचारलं, "आई, आता कसली आंघोळ?"

"बहीण गेली माझी, मूर्खा."

दुसऱ्या दिवशी दफन आटोपून आम्ही परतलो, तर मावशींच्या रसोईत आई घामाघूम होऊन पिठलं ढवळत होती. चर्चमधल्या एका बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "माताजी, आप इनकी कौन लगती हैं?"

आईनं पातेल्यावरची नजर काढली नाही. आपल्या नगरी हिंदीत म्हणाली, "कौन म्हणजे? घर की है मैं. हाथ धोव, बैठो."