झोतासकट वारा

आमच्या विमानतळाला विमानतळ म्हणणं म्हणजे जरा अतीच. एक धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, इंधनाची टाकी आणि दीड खोलीचं ऑफिस. इथे छोटी विमानं उतरतात. शिकाऊ वैमानिक येतात, फवारणीवाले येतात, कधीमधी रुग्ण न्यायला विमान येतं. टॉवर नाही. वैमानिक रेडिओवर विचारतो आणि ऑफिसात जो असेल तो वेगाच्या काट्याकडे बघून वारा सांगतो. जो असेल तो म्हणजे माझी वहिनी. आली होती इंधनाची बिलं करायला. रेडिओवाला नोकरी सोडून गेला आणि माइक हिच्या गळ्यात पडला, तो कायमचाच.

वारा सांगताना नुसता सरासरी आकडा सांगून भागत नाही. मधूनच उसळतो तो झोतही सांगायचा असतो. बाकीचे तो सांगायचा कंटाळा करतात, वहिनी कधीच नाही. मुळात तिला खोटं बोलणं जमतच नाही. माझ्या बहिणीच्या होणाऱ्या सासूने विचारलं, "मुलगी तापट आहे का हो?" तर ही म्हणाली, "हो, पण लगेच शांत होते." आम्ही कपाळाला हात लावला. माझा मोठा भाऊ हँगरमध्ये इंजिनं दुरुस्त करायचा. दादा म्हणायचा, "हिला खोटं बोलायला लावा, ताप भरेल."

त्या दुपारी दादा काम करता करता कोसळला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाची मोठी नस फाटत चालली आहे, ऑपरेशन शहरातच होईल आणि रस्त्याने तिथवर हे तग धरणार नाहीत. विमान मागवलं. अँब्युलन्स हँगरच्या आडोशाला आणून उभी केली. आत दादा शुद्धीवर होता, पण पांढराफटक पडला होता.

आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. मेला, आठवडाभर पान हललं नव्हतं.

"काकू, वारा सांगा," रेडिओवर वैमानिक म्हणाला. आमच्याकडेच शिकलेला पोरगा.

काटा अठरावर होता. एकदम तेहेतीसवर उसळला आणि परत खाली आला. वारा पट्टीला पूर्ण आडवा होता. आडव्या अठरात छोटं विमान उतरतं, तेहेतीसात उलटू शकतं.

"नुसते अठरा सांग," मी वहिनीच्या कानाशी म्हणालो. "झोत गाळ. खाली आल्यावर त्याचं तो बघेल."

"खाली आल्यावर बघायला वेळ नसतो."

"अगं, तुझा नवरा आहे तो!"

"माहीत आहे मला. विमानात पण माणसं आहेत."

तिने माइकचं बटण दाबलं. "आडवा वारा, अठरा." आणि थांबली. अंगठा बटणावरच होता. मी हात जोडले. आयुष्यात कुणापुढे इतका लाचार झालो नव्हतो.

"झोत तेहेतीस," ती म्हणाली.

पोरगा घिरट्या घालत राहिला. विचारत राहिला, ती सांगत राहिली. एकतीस. चौतीस. परत तेहेतीस. मी वाऱ्याला शिव्या घातल्या, त्या पोराला घातल्या, तिलाही घातल्या. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

"काकू, इंधन संपत आलंय. परत फिरतो. माफ करा."

"बरोबर आहे तुझं. नीट जा," एवढं बोलून तिने माइक ठेवला आणि धावत सुटली.

आता उरला होता रस्ताच. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी पुढे बसलो, वहिनी मागे, दादाचा हात धरून. गाडी हलली तशी दादाला वाटलं, आपल्याला पट्टीवर नेताहेत.

"उतरलं का गं?"

"उतरतंय. वारा पडला," ती म्हणाली.

"झोत?"

"नाही. झोत नाही."

हिनेच सांगितलं म्हटल्यावर दादा निर्धास्त झाला. डोळे मिटून पडून राहिला. अर्ध्या रस्त्यात तो गेला, आणि तोवर ती त्याला विमान कुठवर आलंय ते सांगत होती.