एका वॉटचा सौदा

“ताई, पावसाचं कुठं सांगताय? तुमच्या रेडिओवर बेदाण्याचा सौदा चाललाय!”

तासगावजवळच्या शेडवरून रामभाऊंचा हा फोन आला, तेव्हा आमची निवेदिका स्टुडिओत पावसाचाच इशारा वाचत होती. मी या कम्युनिटी रेडिओची इंजिनिअर. संध्याकाळी पाऊस येणार होता आणि शेडाशेडांत द्राक्षं रॅकवर वाळत होती. भिजली की बेदाणा काळा पडतो, मग त्याला कुणी हात लावत नाही.

आमचा ट्रान्समीटर चोख होता. म्हणजे आमच्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं कुणीतरी बोलत होतं. एफएमवर दोन आवाज सहसा मिसळत नाहीत. जिथं ज्याचा सिग्नल जोरात, तिथं तोच ऐकू येतो. आमचा सिग्नल मोठा पण लांबचा. त्याचा चिमूटभर, पण शेडांच्या उशाशी.

“सरकारी वायरलेस ऑफिसला तक्रार करू,” आमचे मॅनेजर माने सर म्हणाले.

“करा सर. पण पाऊस उत्तराची वाट बघत न्हाई.”

स्कूटी काढली. शेडांपाशी उतरून खिशातला रेडिओ पोटाशी धरला आणि जागेवर गोल फिरले. आपलं अंग सिग्नल अडवतं. पाठ ज्या बाजूला केल्यावर सौद्याचा आवाज दबला आणि आमची निवेदिका ऐकू आली, त्या बाजूला चोर! मेंढरं राखणाऱ्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. कराडच्या कॉलेजात अँटेनाच्या पेपरला पहिली आले होते, ते सांगायला मी लाजत नाही. चार वेळा फिरले आणि सापडलं. गोडाऊनच्या पत्र्यावर बांबू, बांबूला वायर. आत व्यापारी शब्बीरचाचा फोनवर बाजारातले भाव ऐकून माईकवर सांगत होते.

“चाचा, लायसन?”

“आवं ताई, एक वॉटचं खेळणं हाय. ऑनलाईन मिळतंय.”

“मिळतंय म्हणून चालवता येत न्हाई. गाडीतल्या गाडीत गाणी ऐकवणारं यंत्र निराळं. शेडाशेडांत ऐकू जाणारं असलं, की एक वॉट असो न्हाईतर शंभर, परवाना लागतो. यंत्र जप्त होईल, वर खटला. आणि नंबर आमचाच का घेतला?”

“मग कुणाचा घिऊ? शेडावरच्या समद्यांचं रेडिओ तुमच्यावरच लावल्यात. खुंटी फिरवा म्हटलं तर बायका मलाच शिव्या देत्यात!”

भांडायला गेलेली मी. अंगावर मूठभर मांस चढलं.

“बरं, तुमचा माल कुठं हाय?”

“रॅकवर. का?”

“संध्याकाळी पाऊस हाय. मघापासून तेच सांगतोय आम्ही.”

चाचांनी स्विच शोधलाच नाही, वायरच उपटली. त्याच क्षणी माझ्या रेडिओतून आवाज खणखणीत आला, “...शेडांच्या ताडपत्र्या खाली सोडा!” शेडाशेडांतून माणसं पळायला लागली. चाचा सगळ्यांच्या पुढं.

पाऊस आला. माल वाचला, चाचांचाही. सरांनी ते यंत्र रीतसर कळवून वायरलेस ऑफिसात जमा केलं. आता चाचा आमच्याच स्टुडिओत येऊन भाव सांगतात, परवान्याच्या माईकवर.

नियम समजावताना मी तेव्हापासून कलमानं सुरुवात करत नाही. आधी विचारते, तुमचा माल कुठं आहे?