बादलीत अडकलेला हात

ये वं, जवळ सरक. दारात काऊन बसली पाव्हण्यासारखी? एवढी मोठी झाली, पण आपल्या मायचा हात असा काऊन, हे मायले नाई विचारलं अन् मले विचारतेस. बरं, हात या मोठीमायनंच बिघडवला, तर मोठीमायच सांगते.

तुही माय माही धाकली जाऊ. तवा ती या घरात नवी होती. आमी मातीच्या देव्या करत होतो, पण मी घडवलेले देवीचे हात पळीसारखे दिसत. तुह्या मायची बोटं लांब, टोकाशी निमुळती. म्हटलं, याच हाताचा प्लास्टरचा साचा काढू. प्लास्टर ओल्या मातीचं पाणी पिऊन घेते. माती दाबली का हात तयार. आदल्या दिवशी तिच्या पायाचा साचा निघाला होता. तळव्याले तेल लावून पाऊल परातीतल्या प्लास्टरात टेकवलं, झालं काम. तिथूनच मले मस्ती चढली. हात मी अख्खाच प्लास्टिकच्या बादलीत घालाचं ठरवलं, मनगटाच्या वरपर्यंत.

तेल लावलं. बांगड्या काढाले गेली तर तुही आजी आडवी आली. "नव्या नवरीचा हात रिकामा करतेस? देवी का लंकेची पार्वती हाय?"

मलेही पटलं. बांगड्या आयत्याच उमटतीन साच्यात.

प्लास्टर दाट कालवलं, हात बुडवला. थोड्या वेळानं ती म्हणते, "बाई, गरम लागून राह्यलं."

मी हासली. मी कुंभाराची. आव्यात भांडं तापलं म्हणजे पक्कं होते, एवढंच मले ठावं. म्हटलं, "साचा पकून राह्यला. थांब."

"बाई, पोळते वं!"

"चुलीपाशी बसतेस अन् एवढं सोसत नाई?"

ती उठाले लागली तर मी खांदा दाबून तिले खाली बसवलं. हे नीट ऐक. मी दाबून बसवलं तिले.

मग ती किंचाळली. हात ओढला तर बादली हाताबरोबरच उठली. तिच्या लाथेनं सुकत ठेवलेल्या तीन देव्या फुटल्या. बांगड्या आत घट्ट धरून बसल्या होत्या, हात निघेच ना. तुह्या बापानं कोयत्यानं बादली फाडली. मी छिन्नी लावली अन् हातोडी मारू लागली. तिनं माह्या दंडाचा लचका तोडला. आजीनं मडके ठोकाचं थापटणं उचललं अन् माह्या पाठीत हाणलं, "पोरीचा हात मोडते, सटवे!" मी थांबली नाई. एका घावात बांगड्या फुटल्याचा आवाज आला, अन् भेगेतून रक्त निघालं. मी मारतच गेली. शेवटी दोन भकलं झाली. हात निघाला, पण कातडी त्यात राहून गेली.

आजी रडते, "बांगड्या फुटल्या वं!"

तुहा बाप जन्मात पहिल्यांदा आपल्या मायवर ओरडला, "बांगड्या गेल्या खड्ड्यात, जीप आणा!"

सिंदेवाहीहून ब्रह्मपुरीले नेलं. दवाखान्यात समजलं का प्लास्टर पाण्यात कालवलं का चुन्यासारखं तापते, अन् जेवढा गोळा मोठा तेवढं जास्त. हात कापा लागते का काय, म्हणून मी बाहेर पायरीवर आठ दिवस बसली. हात वाचला. दोन बोटं मात्र वाकलीच नाईत.

त्यानंतर तुहा बाप तिले घेऊन ब्रह्मपुरीलेच राह्यला. ती मले एक शब्द वाईट बोलली नाई. लोकाइले सांगते, उकळत्या तेलानं पोळला. तू विचारलं असतं तर तुलेही तेच सांगितलं असतं. माह्यं नाव वाचवून राह्यली ती. त्यापरीस दोन थापडा मारल्या असत्या तर मी सुखानं झोपली असती.

साचे मी आजही काढते. माह्याच हाताचे, अर्धे अर्धे, पातळ थर देऊन. गरम लागलं का हात बाहेर. पण ती या अंगणात पुन्हा आली नाई, अन् मी तिच्या दारात जाऊन उभी राहाले भेते.

तू तिले सांग, मोठीमायनं सारं खरं सांगितलं, आता तेलाचं नाव घेऊ नको. अन् या एतवारी दोघी जीपनं या. शिव्या द्याच्या तर इथी बसून द्या, भात मी टाकून ठेवते. लवकर या, बाई.