डायनिंग टेबलावरचं जहाज

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. समईच्या वर भिंतीला जशी काजळी धरते, तसे ते आपोआप धरतात. आमच्या डायनिंग टेबलावर गेलं दीड वर्ष एक लाकडी शिडाचं जहाज बांधलं जातंय. त्याभोवती रोज सकाळी तीन पुरुष बसतात आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. आता इतकं साठलंय, की कुणाला तरी सांगायलाच हवं.

आधी माणसं सांगते. आमचे हे रेल्वेत होते. खंडाळ्याच्या घाटात गाडीला मागून जोर देणारं इंजिन चालवायचे. रिटायर झाले आणि दुसऱ्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात तेवढा मांडीवर पाहुण्यासारखा बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, "बोटांना बारीक काम द्या. हात येईल, पण आधी त्यांच्या मनात यायला हवं."

मनातच काही येत नव्हतं. मी सोमवार धरले, संकष्ट्या धरल्या. अशात एक दिवस वरच्या मजल्यावरचे सावंत भावजी एक खोका घेऊन खाली आले. भावजी नौदलातून रिटायर झालेले. खोक्यात जहाजाचे सुटे भाग. म्हणाले, "माझ्याकडं टेबल लहान आहे." त्यांचं टेबल आमच्यापेक्षा मोठं आहे हे मला माहीत होतं. मी चहा टाकला.

तिसरे बाळूभाऊ. पवनेकडच्या गावाहून आमच्याकडे दूध घालतात. पाच मिनिटं म्हणून टेकतात आणि दहा वाजता उठतात.

*

पहिले काही महिने ह्यांनी नुसतं बघितलं. भावजींनी एकदा जहाजाच्या नाकाडाचं काम पुढे केलं, तर हे म्हणाले, "पुढचं काम मला देऊ नका. माझं इंजिन कायम मागं असायचं."

"उत्तम," भावजी म्हणाले. "मग सुकाणू बसवा. ते मागंच असतं."

आता सुकाणू बसवायचं म्हणजे एका हातानं ते धरायचं आणि दुसऱ्या हातानं बारीक खिळा आत सारायचा. हे डाव्या हातात सुकाणू घेऊन बसले. तेवढ्यात भावजी "फोन आला" म्हणत गॅलरीत गेले ते चांगली वीस मिनिटं तिकडेच. ह्यांनी वाट बघितली, चिडले, आणि शेवटी उजव्या हाताच्या दोन बोटांनी खिळा कसाबसा टोचला. आत नाही गेला, पण टोचला.

भावजींचा फोन त्या वेळी आमच्या फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता.

*

सांगाडा लवकर झाला. खरं काम दोऱ्यांचं. तीन डोलकाठ्या आणि त्यांना चहूबाजूंनी ताणून धरणारे दोर. भावजींनी ते ऐन मे महिन्यात बांधले, तंबोऱ्याच्या तारेसारखे ताठ.

बाळूभाऊ दुधाची किटली खाली ठेवून बघत होते. "सायेब, जरा ढिलं ठिवा. सुती दोर वल धरली की आवळतोय."

"बाळूभाऊ, हे जहाज आहे. बैल नाही."

आषाढात लोणावळ्याचं धुकं घरात येऊन बसलं. पापड मऊ पडले, काडेपेटी पेटेना, उंबऱ्यावरची रांगोळी दुपारपर्यंत चिखल. एका सकाळी बघतो तर मधल्या डोलकाठीचा शेंडा धनुष्यासारखा वाकलेला. दोर आवळून आवळून तिला खाली ओढत होते.

मला वाटलं, बाळूभाऊ आता ऐकवणार. पण त्यांनी हळूच एकेक दोर सोडवायला घेतला आणि म्हणाले, "बैल तरी हंबारतो, सायेब."

*

श्रावणातला सोमवार. मी खिचडी करत होते आणि चष्मा देवघरात राहिला होता. ओट्यावर वाटीत जाडसर दाण्याचं कूट दिसलं, ते ओतलं. खिचडी झाली, तिघांना दिली, मीही घेतली.

बाळूभाऊंनी दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला थांबले. तोंडातून काहीतरी काढून उजेडात धरलं. "मावशी, ह्या दाण्याला तीन भोकं हायेत."

जहाजाच्या कडेला दोर ओवून आवळायला मसुरीएवढ्या लाकडी चकत्या असतात, प्रत्येकीला तीन भोकं. भावजींनी त्या घासून माझ्याच वाटीत ठेवल्या होत्या. मग सगळ्यांनी आपापल्या बशा चिवडल्या. बारापैकी अकरा सापडल्या.

मला चकतीचं काही नाही, पण उपासाचं वाईट वाटलं. मी म्हटलं, "अहो, बारावी माझ्याच पोटात गेली असेल. लाकूड उपासाला चालतं का हो?"

ह्यांनी भावजींना विचारलं, "कुठल्या झाडाचं?"

"अक्रोडाचं."

"मग चालतं. सुकामेव्यात धर."

आजारपणानंतरची ह्यांची ती पहिली थट्टा. तिघं हसत सुटले आणि मी आत जाऊन देवासमोर उगीचच वात सारखी केली.

*

जहाजाला झेंडा लागतो. भगव्या रेशमाचा बोटभर तुकडा मी स्वतः शिवला आणि कार्ल्याला एकवीरा आईच्या पायाला लावायला नेला. रांगेत माझ्यापुढे कोळणी होत्या, डोईभर फुलं माळलेल्या. एकीनं माझ्या हातातला झेंडा बघितला.

"ताय, तुमची होरी कंच्या बंदरान हाय?"

देवीच्या दारात खोटं कसं बोलणार? म्हटलं, "आमच्या डायनिंग टेबलावर."

ती हसली नाही. मी सगळं सांगितलं, ह्यांच्या हाताचंसुद्धा. तिनं झेंड्याला आपल्या पुडीतली हळद लावली आणि म्हणाली, "झेंड्याची गाठ तांडेलानी मारायची बरं. तांडेल कोन?"

तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे हे."

घरी येऊन सांगितलं तर भावजींचा चेहरा पडला. कप्तान तेच होते ना! पण त्यांनी निमूट चिमटा ह्यांच्यापुढे सरकवला. ह्यांनी चिमट्याला हातही लावला नाही. दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि गाठ मारली.

"नौदलात असं चालत नाही," भावजी म्हणाले.

"रेल्वेत चालतं," हे म्हणाले, दातातला दोरा न सोडता.

*

आता शेवटचं. डोलकाठीवर चढायला खलाशांना दोराच्या शिड्या असतात. उभ्या दोरांना आडवे दोरे बांधत जायचे, जिथे भेटतील तिथे गाठ. डाव्या अंगाची शिडी भावजींनी बांधली. उजव्या अंगाची ह्यांनी मागून घेतली.

तीन आठवडे बसले. डावा हात गाठ मारायचा, उजवा फक्त दोरा दाबून धरायचा. कधी सुटायचा, कधी बोटं थरथरायची. रोज आम्ही कौतुक करायचो. मी म्हणायची, "किती सुंदर." बाळूभाऊ म्हणायचे, "लय झ्याक, आबा." आजारपणापासून आम्हाला सवयच झाली होती. दोन पावलं चालले तरी शाबास, घास नीट गिळला तरी शाबास.

शिडी पूर्ण झाली त्या दिवशी ह्यांनी भावजींना समोर बसवलं. "सावंत, हे दोघं काहीही म्हणतात. तुम्ही खरं सांगा."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांनी भिंग काढलं आणि खालपासून वरपर्यंत एकेक गाठ बघितली.

"खालच्या चार पायऱ्या ठीक आहेत," ते म्हणाले. "बाकीच्या वाकड्या. गाठी ढिल्या आहेत. माणूस चढला तर पडेल."

मी म्हटलं, "भावजी, असू द्या ना. तीन आठवडे लागलेत त्यांना."

बाळूभाऊ म्हणाले, "लांबून कळत बी न्हाई, आबा."

"लांबून कोण चढतंय?" हे म्हणाले.

टेबलावर कात्री होती. ती ह्यांनी उचलली, उजव्या हातानं, आणि वरच्या पायरीपासून कापत खाली आले. एक, दोन, तीन. कात्री वाकडी चालत होती, पण थांबत नव्हती. चार पायऱ्या उरल्या तिथे थांबले, कात्री खाली ठेवली आणि नवा दोरा ओढून घेतला.

मी लाटणं हातात धरून दारात उभी. भावजी भिंग धरून तसेच वाकलेले. बाळूभाऊंचा चहा निवत चाललेला.

हे वर न बघता म्हणाले, "सावंत, जरा सरका. उजेड अडवताय."