चिमटीतला पाईप

“सुटले बिचारे.” बाबा गेल्यावर आलेला पहिला फोन आत्याचा. तेव्हा मी नुसता फोन ठेवला. आज पाच आठवड्यांनी सांगते... बाबा बिचारे कधीच नव्हते, आणि सुटायचं तर त्यांच्या मनातही नव्हतं.

कल्याणहून रोज खोपटच्या एसटी डेपोत जाऊन त्यांनी तीस वर्षं मेकॅनिकी केली. इंजिनाजवळचे रबरी पाईप ते चिमटीत दाबून बघायचे. रबर कडक लागलं, की फुटायची वाट न बघता पाईप बदलायचा. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली. म्हणाले, “काका, धमन्या कडक व्हायला लागल्यात.” बाबांना हे लगेच समजलं, आणि तिथेच घात झाला. रोज सकाळी ते स्वतःचं मनगट चिमटीत धरू लागले. महिन्याभराने निकाल दिला, “मऊ लागतंय गं. आता गोळी कशाला?” मी भांडले. “माझी चिमूट आजवर चुकली नाय,” म्हणाले. मीही मग नाद सोडला. तो का सोडला, याचा राग अजून जात नाही.

अर्धांगाचा झटका जबर होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. धमन्या इतक्या ताठ नसत्या तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता देवाचं नाव घ्या, असं सांगणारे तर घरी रांगेने आले. बाबांनी व्यायामाचा मऊ चेंडू फेकून दिला आणि डाव्या हाताने हत्यारांची पेटी दाखवली. तिच्यातला जुन्या पाईपचा तुकडा उजव्या हातात धरून दिवसभर दाबत बसायचे. सात महिन्यांनी एका सकाळी ते गोळीचं पाकीट उजव्या अंगठ्याने फोडायला लागले. चहा गार झाला तरी फुटेना. मी हात पुढे केला.

“नाय,” बाबा म्हणाले.

झटक्यानंतरचा तो पहिला स्पष्ट शब्द. पुढे दोन वर्षं प्रत्येक गोळी त्यांनी स्वतः फोडली, दुसरा झटका आला त्या सकाळचीसुद्धा.

तो तुकडा खिडकीत आहे. अंगठ्याच्या जागी रबर गुळगुळीत झालंय. गेल्या आठवड्यात मलाही बीपीची गोळी सुरू झाली. मी मनगट दाबत नाही. पाईप एकदा दाबते आणि गोळी घेते. परवा आत्या बघत होती. म्हणाली, “आपल्या घराण्याचा भोगच गं हा.”

“नाय,” मी म्हटलं.