आठ दिवसांची बोली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यासोबत वीस वर्षं एप्रिलभर गावोगावच्या जयंतीच्या स्टेजवर गिटार वाजवली त्या आमच्या गायन पार्टीतल्या कोणालाही नाही. लिहून तर कधीच काढलं नाही — आणि मी सगळं लिहून काढणारा माणूस आहे. किराण्याची यादी, दुकानातल्या कामांची यादी, कोणाचं काय माझ्याकडे आहे याची यादी. दर महिन्याच्या एक तारखेला वहीचं नवं पान घेतो आणि मागच्या पानावर राहिलेली कामं त्यावर उतरवतो. त्यातली एक ओळ पाच वर्षं झाली, दर महिन्याला उतरते. 'गो. — कागद.' एवढीच. बायकोने एकदा विचारलं, हा कोणता कागद? मी म्हटलं, गोडाऊनचा.

गोडाऊन आमच्याकडे नाही. तिने पुढे विचारलं नाही.

त्या ओळीबद्दल सांगायचं आहे. एका वाक्यात सांगता येईल, तेवढंच आहे ते. पण ते वाक्य एकदम येत नाही. थोडं मागून येतो.

महागावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. बाहेर पांढरा बोर्ड लावलेला आहे — फॉर्मचं नाव, लागणारी कागदपत्रं, शेवटची तारीख. लोक रस्त्यावरून जाता जाता बोर्ड वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. मी कधी चुकीची तारीख लिहिलेली नाही. प्रत्येक तारखेखाली दोन बोटं जागा मात्र सोडतो. कशासाठी? मुदतवाढीसाठी. आमच्याकडे मुदतवाढ येतेच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी येते, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी येते, पण येते. शेवटची तारीख म्हणजे खरी शेवटची तारीख नव्हे, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. फॉर्म भरणाऱ्या माणसाचा तर तो धर्मच म्हणायला हवा.

दुसरी गोष्ट गिटारची. यवतमाळ जिल्ह्यात गिटार वाजवणारे आम्ही मोजकेच. नवं सामान घ्यायचं तर नागपूर गाठावं लागतं, म्हणून आम्ही आपसांत अदलाबदल करतो. पुसदचा पेडल ढाणकीला जातो, ढाणकीचा माइक दिग्रसला. एसटीत ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पाठवतो. कोणाचं काय कुठे गेलं याचं रजिस्टर अर्थातच माझ्याकडे. आणि नियम एक, तोही मीच घालून दिलेला — आठ दिवसांची बोली. सामान नेल्यापासून आठ दिवस वाजवून बघायचं. काही खोट निघाली तर न बोलता परत करायचं, समोरच्याने न बोलता परत घ्यायचं. आठवा दिवस संपला की विषय संपला. नंतर कोणी कुरकुर करत नाही. हा नियम आजवर एकानेही मोडलेला नाही. मीही नाही. यात मला समाधान वाटायचं — कळतंय ना, काय म्हणतोय मी? नियम मोडला नाही.

गोपाल आमच्यातला सगळ्यात चांगला. त्याच्या तांड्यातला पहिला संगीत विशारद. आवाज गोड, हात त्याहून गोड. महागावच्याच एका शाळेत बारा वर्षं तो संगीत शिकवत होता — तासिकेवर, म्हणजे तास घेतला तर नाव, नाही घेतला तर कोण गोपाल? पक्की नेमणूक व्हावी म्हणून त्याने काय केलं नाही? तो आला तेव्हा विशारद पुरेसं होतं. मग सांगितलं, पदवी पाहिजे. त्याने बाहेरून बी.ए. केलं. तोवर म्हणाले, बी.एड. पाहिजे. त्यात संगीत हा विषय धरत नाहीत, असं एका पत्रात आलं, दुसऱ्या पत्रात आलं की धरतात. मग पात्रता परीक्षा आली. तिच्यात संगीताचा पेपरच नव्हता. गणिताचा होता. ते सगळे फॉर्म मी भरले. माझ्या संगणकात त्याच्या नावाचा फोल्डर आहे. प्रत्येक वेळी तो काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा, "मिलिंद, आता काय नवीन शिकू सांग. सा रे ग म तर जुनं झालं म्हन्ते." आम्ही हसायचो. दुसरं काय करणार होतो?

आणि मग ते पत्र आलं. दहा वर्षांहून जास्त तासिकेवर असलेल्यांना अर्हतेत एक वेळची सूट. विशारद आणि पदवी चालेल. फॉर्म ऑनलाइन, नंतर यवतमाळला मूळ कागदपत्रांची पडताळणी. मी फॉर्म भरला, विशारदच्या प्रमाणपत्राचं स्कॅन माझ्याकडे होतंच. गोपालने दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला.

त्याच आनंदात त्याने गिटार काढली. चेरी रंगाची, पोकळ पोटाची, सोबत कडक केस, म्हणजे तिची पेटी. त्या गिटारवर माझा सहा वर्षांपासून डोळा होता. त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प हवा होता आणि माझ्याकडे अ‍ॅम्प होता. तो म्हणाला, "नोकरी पक्की झाली का दुसरी घेईन. ने."

अ‍ॅम्प चांगला दिसत होता. तासाभरानंतर ट्रान्सफॉर्मर तापायचा, घों असा आवाज यायचा आणि मग सगळं बंद. दोन कार्यक्रमांत मला त्याने दगा दिला होता. गोपालला मी वीस मिनिटं वाजवून दाखवला.

हे कबूल करायला बसलो नाही मी. म्हणजे — हेही आहेच. पण हे नाही.

अदलाबदल शनिवारी झाली. सोमवारी मी केस पुसायला घेतली. आतलं मखमली अस्तर एका बाजूने सुटलं होतं. हात घातला तर लॅमिनेशनचा कडक कोपरा लागला. गोपाल शाळेत, मुलाखतींना, सगळीकडे केस सोबत न्यायचा आणि कागद तिच्याच खणात ठेवायचा. सामान काढताना फाइल काढली त्याने, पण हा एक अस्तराखाली सरकलेला. विशारदचं मूळ प्रमाणपत्र.

त्याच दिवशी दुपारी पडताळणीचं वेळापत्रक आलं होतं. बुधवार ते शुक्रवार. मीच ते बोर्डावर लिहिलं होतं, खाली दोन बोटं जागा सोडून.

त्या क्षणी फोन करायचा होता. एवढंच करायचं होतं. का नाही केला? कारण तो लगेच आला असता, बसला असता, अ‍ॅम्पचा विषय निघाला असता. आपण जरा मोठ्या आवाजात लावून बघू, असं म्हणाला असता — तो तसाच आहे. आणि आठ दिवस शनिवारी पुरे होत होते. मी वहीत लिहिलं, 'गो. — कागद. शनिवार संध्याकाळ.' शुक्रवार शेवटची तारीख होती, तरी शनिवार लिहिलं. मुदतवाढ येणार होती ना. माझ्या हातून काही वाईट होत आहे असं मला वाटलंही नाही. काम फक्त पुढच्या खणात टाकलं होतं.

बुधवारी तो दुकानात आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. घर, शाळेचं कपाट, सासुरवाडी, सगळं उलटंपालटं करून झालं होतं. काउंटरवर तिघे-चौघे उभे होते, म्हणून तो हळू आवाजात बोलला.

"मिलिंद, त्या केसमंदी पाह्यतं काय एक खेप? मले वाटून राह्यलं, तिच्यातच असन."

मी म्हटलं, "पाहिली मी. पूर्ण पुसून काढली. नाही त्यात."

हे ते वाक्य.

तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, "तू पाह्यली म्हन्जे पाह्यली." आणि गेला.

आता पुढचं लवकर सांगतो. शुक्रवारी तो झेरॉक्स घेऊन यवतमाळला गेला. दुपारी बाराला त्याचा फोन आला. खिडकीवरचा माणूस म्हणतो, पाचपर्यंत मूळ प्रत आणा, नाहीतर नाव कटलं. आवाज असा, की चालत्या बसमधून बोलतोय असं वाटावं. महागाव ते यवतमाळ मोटरसायकलने अडीच तास. बारा वाजले होते. हिशोब मी तेव्हाही केला. नुकतंच सापडलं म्हणून सांगता आलं असतं, त्याने संशयही घेतला नसता. कागद माझ्या मागच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात होता, गाडी दारात उभी होती. मी म्हटलं, "काळजी करू नको. संध्याकाळी मुदतवाढ येते बघ."

आठ दिवसांची बोली संपायला एकच दिवस होता. एक शनिवार.

मुदतवाढ आली नाही. सात वाजेपर्यंत मी दर दहा मिनिटांनी पान उघडत होतो. बोर्डावरची ती दोन बोटं जागा तशीच राहिली. दुकान बंद करताना मी ती तारीख पुसली.

शनिवारी कागद द्यायला गेलो का? नाही. आता देऊन काय सांगणार? कधी सापडला म्हणणार? एकदा उशीर झाला की खरं सांगण्याची रोज एक नवी अडचण तयार होते. आणि मी अडचणींची यादी करण्यात हुशार.

हरवल्याची तक्रार, प्रतिज्ञापत्र, दुय्यम प्रतीचा अर्ज — हेही त्याचं मीच करून दिलं. 'सदर प्रमाणपत्र माझ्याकडून गहाळ झाले आहे' हे वाक्य मी माझ्या हाताने टाइप केलं. तो बाजूच्या स्टुलावर बसून होता, त्याने वाचलं आणि सही केली. दुय्यम प्रत चार महिन्यांनी आली. तोवर नेमणुका होऊन गेल्या होत्या. त्याचे तास नव्या माणसाकडे गेले. दोन वर्षांनी नियम पुन्हा बदलले, सूट रद्द झाली. तेव्हा काही दिवस मी मनाशी म्हणत होतो — बघ, तसंही काढलंच असतं त्याला. पण नाही काढलं. त्या खेपेला लागलेले सगळे आजही लागलेले आहेत. मला माहीत आहे, त्यांचे फॉर्म मीच भरतो.

गोपाल आता कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर पावत्या लिहितो. अ‍ॅम्प महिन्याभरातच जळाला. त्याने यवतमाळला नेऊन ट्रान्सफॉर्मर बांधून आणला. मला म्हणाला, मीच आवाज जास्त केला असन. आठ दिवसांनंतर आमच्यात कोणी कुरकुर करत नाही.

गिटार चांगली आहे. मी वाजवतो ती. तिचा आवाज खराब झाला असता, मला ती हातात धरवत नसती, असं काही सांगता आलं असतं तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. तसं काही नाही. लोक स्टेजजवळ येऊन विचारतात, कुठून घेतली?

मागच्या महिन्यात तो दुकानात आला होता. दाढी पांढरी झाली आहे. पोरगी बारावी झाली, तिला शिक्षिका व्हायचं आहे. डी.एड. करावं की चार वर्षांचा नवा कोर्स, की आधी साधी पदवी — तिचे सर एक सांगतात, कॉलेजवाले दुसरं. मी मोबाइलवर नवीन पत्रं दाखवली. दोन पत्रं एकमेकांशी जुळत नव्हती. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "हे तर माह्यावानीच चाललं बाप्पा. तू सांगशीन तेच करू."

मी नवा कोर्स सांगितला. बरोबर सांगितलं की नाही, कोणास ठाऊक. चार वर्षांनी काय मागतील ते आज कोण सांगू शकतं? फॉर्म भरला, प्रिंट काढली. त्याने कॅरीबॅगमधून कागद काढून काउंटरवर ठेवले — दहावी, बारावी, जातीचा दाखला, रहिवासी, शाळा सोडल्याचा. सगळे मूळ. मी स्कॅन करून परत द्यायला लागलो, तर त्याने माझा हात मागे सारला.

"राहू दे तुह्यापाशीच. ॲडमिशन होईपरेंत. माह्या हातून हरवते, तुले तं माहीत हाय."

तोंड उघडलं होतं, हे आठवतं. मागे दोन माणसं फॉर्मसाठी उभी होती. ती नसती तर बोललो असतो का? नसतो बोललो.

कोणाचा मूळ कागद ठेवून घेतला की मी त्याची यादी करून देतो, सही-शिक्क्यासह. त्यालाही दिली. एक ते पाच. त्याने घडी न मोडता ती खिशात ठेवली, न वाचताच, आणि स्कूटर चालू करून गेला.

कागद मागच्या कपाटात ठेवले, वरून दुसऱ्या खणात. आज एक तारीख. नवं पान घेतलं, राहिलेली कामं उतरवली, ती ओळही उतरवली. मग खण उघडून एकदा मोजून घेतलं, कारण मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

यादीत पाच कागद आहेत. खणात त्याच्या घरचे सहा आहेत.