पावडीवरचे पाय

बायाक्का पडली ती घरातल्या घरात, सपाट फरशीवर. पाणी सांडलेलं नव्हतं, पायात काही आडवं आलं नव्हतं. देवापुढं दिवा लावून ती वळली आणि हातमागाच्या खड्ड्याच्या कडेला आपटली. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. हातभर पुढं पडली असती तर थेट खड्ड्यातच गेली असती.

तिचा मुलगा शिवराज दुसऱ्याच दिवशी गवंड्याला घेऊन आला.

"हे बुजवून टाका आणि वर फरशी घाला."

"आणि माग?" बायाक्कानं खाटेवरून विचारलं.

"माग आता कोण चालीवतंय, आई?"

"मी चालीवते की! गेल्या संक्रांतीपातूर चालीवलाय."

बेळगावातल्या वडगावच्या विणकर गल्लीत आता असे खड्ड्याचे माग बोटावर मोजण्याइतकेच उरलेत. बाकी घरांत पॉवरलूम. बायाक्का बोरगावहून लग्न होऊन आली तेव्हा सकाळी गल्लीत घराघरांतून माग सुरू व्हायचे आणि प्रत्येकाचा ठेका वेगळा असायचा. एखाद्या घरातला ठेका थांबला की शेजारीण भिंतीपलीकडून हाक मारायची, "काय गं, सूत तुटलं का नवऱ्याशी भांडलीस?" आता दिवसभर एकच घरघर. कोण थांबलं, कोण सुरू झालं, काही कळत नाही.

विणायला तिला तिच्या नवऱ्यानं, मारुतीरावांनी शिकवलं. खड्ड्यात पाय सोडून दोघं शेजारी बसायची. खाली पायानं दाबायच्या दोन लाकडी पावड्या. डावी दाबली की उजवी आपोआप वर, उजवी दाबली की डावी वर, आणि सुतात पडलेल्या फटीतून धोटा इकडून तिकडं. ते तिच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगायचे, "आता हितं दाब. आता हितं." सासू समोर बसलेली असायची, पण शिकवणीच्या हाताला ती काही म्हणायची नाही. मारुतीराव जाऊन बरीच वर्षं झाली. खड्डा बुजवायचा म्हटल्यावर बायाक्काला आठवला तो गुडघ्यावरचा हात.

ती जेवेना. शेवटी सून मंजुश्रीनंच तोड काढली. डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले होते, तोल सावरावा आणि पुन्हा पडायला होऊ नये म्हणून. ते बायाक्कानं मन लावून करायचे. दिवाळीपर्यंत कुणाचा हात न धरता खड्ड्यात उतरून वर आली, तर खड्डा राहील.

"न्हाय जमलं तर बुजवणार," शिवराज म्हणाला.

"जमंल," बायाक्का म्हणाली.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला कोमट पाण्याचा तलाव होता. पाणी छातीइतकं, कडेनं धरायला दांडी. लुगडं नेसून उतरायचं नाही असं आधीच बजावलेलं. नातवाची ट्रॅकपँट आणि सुनेचा कुडता घालून बायाक्का संकोचून पायरीवर उभी राहिली, तर पाण्यातून एक म्हातारी ओरडली, "काय गं आक्का, कबड्डीला निघालीस व्हय?"

"तू तरी काय, पोलीस भरतीला आल्यागत दिसतीस!"

ती गुंजी गावची मालुबाई. जन्म शेतात गेलेला, आता लेकीकडं बेळगावात राहायला आली होती. दोघींचं तिथंच जमलं.

व्यायाम शिकवायला प्रियदर्शनी मॅडम होत्या, नातीच्या वयाच्या. त्या पाण्यात उभ्या राहून म्हणायच्या, "पाय उचला, आज्जी."

"उचललाय की!"

"नाही उचलला. तळवा जमिनीलाच आहे. बघा खाली."

बायाक्कानं पाण्यातून खाली पाहिलं. खरंच होतं. तिनं डावा पाय जोर लावून दाबला होता आणि उजवा जागचा हलला नव्हता. मॅडमनी चार-पाच वेळा चालायला लावलं, वाकून निरखलं आणि म्हणाल्या, "तुम्ही एक पाय दाबता आणि दुसरा वर यायची वाट बघता. हे कुठून लागलं?"

बायाक्का हळू आवाजात म्हणाली, "पावडी. एक दाबली की दुसरी वर येती. तिच्यासंगं पाय बी येतो."

"जमिनीखाली पावडी नसते, आज्जी. दुसरा पाय तुम्हालाच उचलायचाय."

"म्हंजे कुणाची वाट बघायची न्हाय, म्हण की," मालुबाई हसत म्हणाली. बायाक्काला हसू आलं नाही.

मग रोज तेच. गुडघा पोटाकडं घ्यायचा, आधी टाच टेकवायची, मग चवडा. दांडी सोडून एका पायावर उभं राहायचं. मॅडम हातानं लाटा करून तोल घालवायच्या. एकदा बायाक्का पडलीच, पण पाणी घाई करत नाही. त्यानं तिला सावकाश कलंडू दिलं, आणि तेवढ्यात तिचा पाय आपसूक पुढं जाऊन टेकला. "बघा, तुमचं तुम्हीच सावरलंत!" मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी घरी परतताना रिक्षातून उतरायला बायाक्कानं सुनेचा हात धरला नाही. मंजुश्रीनं पुढं केलेला हात मागं घेतला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ती खड्ड्याच्या कडेला उभी राहिली. शिवराज दोन्ही हात पसरून जवळ आला.

"हात मागं घ्या, अहो," मंजुश्री म्हणाली.

बायाक्का कडेवर टेकली, एकेक पाय खाली सोडला, आणि पावड्यांवर ठेवला. इतक्या महिन्यांनी लाकूड तळव्याला लागलं. तिनं धोटा हातात घेतला, डावी पावडी दाबली. उजवा पाय पावडीवरून उचलला गेला. सगळाच, गुडघ्यापासून. पावडी निसटली, सूत वाकडंतिकडं उघडलं, धोटा मध्येच अडकला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा पाय वर.

"काय झालं, आई?"

"पाय इसरले रं."

तिनं हातानं गुडघा धरून तो खाली दाबून बघितला. हात तिचाच होता, जमलं नाही. मग तिनं अडकलेला धोटा हळूच सोडवला, सुतावरची धूळ पदरानं पुसली, आणि उठली. गुडघा वर, टाच कडेवर, मग चवडा. फरशीवर आली तेव्हा नुसता श्वास चढला होता.

"जिंकलीस, आई!" शिवराज म्हणाला. "खड्डा ऱ्हातोय. हात लावत न्हाय मी."

"माग ऱ्हाऊ दे," बायाक्का म्हणाली. "पण खड्ड्यावर फळ्या टाक. चांगल्या जाड. परसदाराकडं जायला मला सारखा वळसा पडतोय."

शिवराजनं संध्याकाळीच फळ्या बसवल्या. त्यांच्यावरून जाताना बायाक्का मध्यावर क्षणभर थांबली. मग पाय उचलून परसात गेली.